वेष्टनाची भाषा आणि ग्राहक : पालघर–बोईसर परिसराच्या निमित्ताने

१. विषयप्रवेश

किराणा मालाचा व्यवहार हा एके काळी बव्हंशी बोलण्याचा व्यवहार होता. गोणीतील तांदूळ, डब्यातील गूळ, पिंपातील तेल ही वस्तू ग्राहकास उघडी दिसत असे. तिचा वास घेता येई, दाणा दाताखाली धरून पाहता येई, आणि जे डोळ्यांस व जिभेस कळत नसे ते वाण्यास विचारता येई. वाणी नेहमी खरेच बोले असे नाही. परंतु त्याच्या बोलण्यास उलट प्रश्न करण्याची सोय होती, आणि त्याने दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी त्याच्याच पुढ्यात नेऊन ठेवता येत असे.

वेष्टित खाद्यपदार्थाने ही रचना पालटली. वस्तू आत, ग्राहक बाहेर आणि मध्ये छापील वेष्टन अशी आजची स्थिती आहे. वाण्याचे बोलणे आता वेष्टनाने पत्करले आहे. परंतु ते फक्त बोलते, ऐकत नाही. ह्या एकतर्फी संभाषणाचा भाषाशास्त्राच्या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वेष्टन ग्राहकास काय सांगते, कोणत्या साधनांनी सांगते, त्यावर शासनाचे नियमन असावे काय, आणि असल्यास ते नेमके कशावर असावे, हे प्रश्न येथे घेतले आहेत. उदाहरणासाठी पालघर व बोईसर–तारापूर हा परिसर निवडला आहे. कारण भाषा, लिपी आणि पोट ह्या तिन्ही गोष्टींचा संबंध तेथे विशेष स्पष्टपणे दिसतो.

२. परिसराची भाषिक स्थिती

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे २९ लाख ९० हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे. डोंगराळ भागात वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी ह्या जमातींच्या बोली, किनाऱ्यालगत वाडवळ, मांगेला आदी समाजांच्या मराठीच्या निरनिराळ्या छटा, आणि डहाणू–तलासरीकडे गुजराती, असा हा पट्टा मुळातच बहुभाषिक आहे. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, पुढे बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा दूरच्या राज्यांतून आलेल्या कामगारांच्या भाषांची त्यात भर पडली. पाळी सुटण्याच्या वेळी बोईसर स्थानकाजवळच्या दुकानांत उभे राहिले असता चार-पाच भाषा सहज कानांवर येतात.

ह्या सर्वांच्या हाती पडणारे पाकीट मात्र एकच असते. अन्न सुरक्षा व मानके विषयक नियमांप्रमाणे वेष्टनावरील सक्तीचा मजकूर इंग्रजीत अथवा देवनागरी लिपीतील हिंदीत असला म्हणजे पुरे होते. अन्य भाषा जादा वापरण्यास मनाई नाही. परंतु तशी सक्तीही नाही. येथे एक विसंगती नमूद करण्यासारखी आहे. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात हा नियम २०२२ च्या दुरुस्तीने लहानसहान दुकानांनाही लागू झाला. म्हणजे दुकानाच्या कपाळावरील अक्षरे मराठी असण्याचे बंधन आहे; त्याच दुकानातून मुलाच्या पोटात जाणाऱ्या वस्तूवरील अक्षरे मराठी असण्याचे बंधन नाही.

देवनागरी हिंदीमुळे मराठी वाचकाची अडचण दूर होते असे कोणी म्हणेल. परंतु लिपी वाचता येणे आणि अर्थ कळणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. 'संतृप्त वसा' हे शब्द मराठी शाळेत शिकलेला मुलगा अडखळल्याविना वाचील. परंतु 'वसा' म्हटल्याबरोबर त्याच्या मनात चरबी न येता श्रावणातील कहाणीतले व्रत येईल. समान लिपीतील परभाषा अशा वेळी परकी लिपी असण्यापेक्षाही अधिक फसवी ठरते. कारण आपणांस समजले नाही हेच वाचकास समजत नाही.

हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न नव्हे. ह्या जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा हे तालुके बालकांच्या कुपोषणासाठी दीर्घकाळ चर्चेत आहेत. जव्हार तालुक्यातील वावर–वांगणी येथील १९९२ चे बालमृत्यू महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या दुःखाची कारणे दारिद्र्य, रोजगार, आरोग्यसेवा ही होत. वेष्टनास त्यांचे कारण ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा आज पाड्यावरच्या टपरीपर्यंत पोहोचल्या आहेत. ज्या घरात मुलाच्या खाऊसाठी दिवसाला पाचच रुपये निघतात, तेथे दुधाच्या पेल्याचे चित्र पाहून घेतलेल्या पुड्यात दूध किती आहे हे कळणे चैनीचे ज्ञान नव्हे.

३. वेष्टनाचे दोन आवाज

कोणतेही पाकीट हाती घेतले असता त्याचे दोन आवाज ऐकू येतात. दर्शनी बाजूचा आवाज मोठा, रंगीत व प्रेमळ असतो. मागील बाजूचा आवाज बारीक, एकसुरी व तांत्रिक असतो. घटक पदार्थांची यादी, पोषणमूल्यांचे कोष्टक, मिश्रकांचे क्रमांक हे सर्व तेथे असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावयाचे असतात, हा नियम माहीत असलेल्यास ती यादी पुष्कळ काही सांगते. परंतु तो माहीत असणारे थोडे. दर्शनी बाजूवर गव्हाच्या लोंब्या डोलत असतात आणि मागे 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असे लिहिलेले असते. त्यातील 'व्हीट' हा शब्द लोंब्यांशी जुळतो खरा. पण त्या तीन शब्दांचा मराठी अर्थ एकच आहे, आणि तो म्हणजे मैदा.

दर्शनी मजकुराचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. त्यात क्रियापद जवळजवळ नसतेच. 'दुधाचा पौष्टिकपणा', 'धान्यांची ताकद', 'घरची चव' अशा घडणीची पदे तेथे आढळतात. क्रियापद नाही म्हणून विधान नाही, आणि विधान नाही म्हणून ते खोटे ठरविणे कठीण. 'ह्या पुड्यात अमुक ग्रॅम दूध आहे' हे वाक्य तपासता येते. 'दुधाचा पौष्टिकपणा' हे पद तपासावयाचे कसे? ग्राहकाच्या मनात मात्र ते पूर्ण वाक्य होऊनच उतरते. क्रियापद तो स्वतः पुरवितो.

ह्या न सांगता सांगण्याचे विवेचन इंग्रज तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत केले आहे. बोलणारा प्रस्तुत तेवढेच आणि पुरेसे बोलतो, असे गृहीत धरून ऐकणारा चालतो. म्हणून उच्चारलेल्या शब्दांपलीकडचा अर्थही तो काढतो. खाद्यतेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे छापलेले असते. ते खरेच आहे, कारण कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नाममात्रच असते. परंतु ज्याअर्थी हे मुद्दाम लिहिले आहे त्याअर्थी शेजारच्या पिशवीत ते असावे, असा तर्क ग्राहक करतो. शब्द खरा आणि समज खोटी, अशी ही स्थिती होय. आपल्याकडे 'नरो वा कुंजरो वा' ही उक्ती ह्याच प्रकारास लावतात.

सत्याची मांडणी बदलली तरी ग्रहण बदलते, हे अमेरिकेतील लेव्हिन व गेथ यांच्या १९८८ मधील प्रयोगात दिसून आले. गोमांसाच्या एकाच खिम्यास काहींसाठी '७५ टक्के चरबीविरहित' आणि काहींसाठी '२५ टक्के चरबी' असे नाव दिले असता पहिल्या नावाखालील खिमा लोकांना अधिक चांगला वाटला. विशेष म्हणजे चव घेतल्यावर हा फरक कमी झाला. ह्याचा अर्थ असा की, अनुभव जेथे नाही तेथे शब्दाचे वजन सर्वाधिक असते. आणि बंद पाकिटापुढे उभ्या असलेल्या ग्राहकाजवळ नेमका अनुभवच नसतो.

४. चित्र, रंग व आकार

अक्षर न वाचणाऱ्या ग्राहकासाठी वेष्टन म्हणजे चित्रच. भारतीय बाजारपेठेने हे फार पूर्वीच ओळखले होते. गिरण्यांच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर देवदेवतांची व प्राण्यांची रंगीत चित्रे चिकटविण्याची पद्धत इंग्रजी अमदानीत रूढ होती, ती निरक्षरास माल ओळखता यावा म्हणून. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडाचा पिवळा डबा व त्यावरील ताडाचे झाड हीही अशीच खूण. तेव्हा चित्र हे मुळात फसवणुकीचे साधन नाही. ते निरक्षराचे अक्षर आहे. म्हणूनच त्याच्या खरेपणाची जबाबदारी अक्षराइतकीच मोठी असावयास हवी.

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी चिन्हांचे जे वर्गीकरण केले आहे त्यातील दोन वर्ग येथे उपयोगी पडतात. सादृश्यामुळे अर्थ देणारे चिन्ह हा एक वर्ग, आणि धुरामुळे अग्नी कळावा त्याप्रमाणे प्रत्यक्ष संबंधामुळे अर्थ देणारे चिन्ह हा दुसरा. पेयाच्या बाटलीवरील आंबा हा पहिल्या वर्गातला आहे. ग्राहक तो दुसऱ्या वर्गातला समजून वाचतो, म्हणजे आंबा दिसतो त्याअर्थी आत आंबा आहे असे मानतो. आपल्या मानकांप्रमाणे 'फ्रूट ड्रिंक' ह्या नावाच्या पेयात फळाचा अंश १० टक्के असला तरी चालतो, आणि लिंबाच्या बाबतीत ५ टक्के. उरलेले पाणी व साखर ह्यांचे चित्र कोणी काढीत नाही.

रंगाचीही गोष्ट अशीच. गोड वड्यांवरील उष्मांकांची पट्टी हिरव्या रंगात छापली असता त्याच वड्या लोकांस अधिक आरोग्यकारक वाटतात, असे शुल्ट यांच्या २०१३ मधील अभ्यासात आढळले. आपल्याकडे हिरवा ठिपका केवळ 'शाकाहारी' एवढेच सांगतो. साखर आणि वनस्पती तूपही शाकाहारीच आहेत, ही गोष्ट त्या ठिपक्याकडे पाहताना सहज विसरली जाते. आकाराविषयी रघुवीर व कृष्णा यांनी १९९९ मध्ये दाखविले की, समान मापाच्या दोन पात्रांपैकी उंच पात्रात अधिक माल आहे असा डोळ्याचा समज होतो.

पालघरच्या अभ्यासकास आणखी एक चिन्ह डावलता येणार नाही, ते म्हणजे वारली चित्र. भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटल्या जाणाऱ्या ह्या चित्रशैलीस २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज शहरातील आरेखक 'गावरान', 'नैसर्गिक', 'पारंपरिक' हे भाव सुचविण्यासाठी पाकिटांवर वारली आकृती वापरतात. ज्या समाजाची ही चित्रभाषा, त्याच समाजातील बाईला त्या पाकिटामागील मजकूर वाचता येऊ नये, ह्याहून वेष्टनाच्या दोन आवाजांतील अंतर दाखविणारे दुसरे उदाहरण शोधावयास नको.

५. नियमनाची परंपरा

वेष्टनाच्या भाषेत शासनाने लक्ष घालणे ही नवी कल्पना नाही. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळले जाऊ लागले तेव्हा ते ओळखू यावे म्हणून त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. तिळाच्या तेलाची रासायनिक परीक्षा सोपी असल्यामुळे भेसळ उघडकीस येई. लेबल खोटे बोलले तरी पदार्थाने खरे बोलावे, अशी ही युक्ती होती. १९९२ चा शिशुदुग्ध-पर्यायविषयक कायदा ह्यापुढे गेला. बालकाच्या दुधाच्या पुडीवर बालकाचे अथवा स्त्रीचे चित्र छापण्यास त्याने मनाई केली. 'ह्यूमनाइज्ड', 'मॅटर्नलाइज्ड' असे शब्द निषिद्ध केले. चित्र आणि विशेषण ही दोन्ही खरेदीदाराच्या मनावर काम करतात, हे कायद्याने येथे स्पष्टपणे मान्य केले आहे.

पुढे शाकाहारी व मांसाहारी पदार्थांच्या खुणा सक्तीच्या झाल्या. कोणत्याही भाषेवाचून, कोणत्याही शाळेवाचून देशभर समजणारे हे चिन्ह नियमनाचे मोठेच यश म्हणावे लागेल. २०२० च्या नियमांत मांसाहारी खुणेतील वर्तुळाच्या जागी त्रिकोण आला, त्यामुळे रंगांधासही दोन खुणांतील भेद कळू लागला. २०१८ च्या जाहिरात व दावे विषयक नियमांनी 'नैसर्गिक', 'ताजे', 'शुद्ध', 'पारंपरिक' ह्या विशेषणांच्या वापरास अटी घातल्या. असे विशेषण व्यापारनामातच असेल तर ते केवळ नाव आहे अशी सूचना किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत देणे भाग पाडले. जून २०२४ मध्ये '१०० टक्के फळांचा रस' हा दावा वेष्टनांवरून काढण्याचा आदेश प्राधिकरणाने दिला. कारण अर्कात पाणी घालून पुन्हा बनविलेल्या रसास तो लागू पडत नाही.

शब्दाला कायद्याने अर्थ बांधून देता येतो, ह्याचे उदाहरण ह्याच जिल्ह्यात आहे. डहाणू–घोलवडच्या चिकूस २०१६ मध्ये आणि वाडा कोलम तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 'वाडा कोलम' हे शब्द आता कोणत्याही गोणीवर छापता येत नाहीत. 'गावरान' ह्या शब्दास मात्र कोणतेच कुंपण नाही.

पोषणमूल्यांची सूचना दर्शनी बाजूस असावी काय, हा वाद अलीकडचा. २०२२ मध्ये प्राधिकरणाने अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यावर आक्षेप असा की, तारा हे मुळात प्रशंसेचे चिन्ह आहे. दोन तारे म्हणजे 'थोडे वाईट' असा अर्थ कोणी घेत नाही, 'थोडे चांगले' असाच घेतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०२५ रोजी ह्या विषयावरील शिफारशी तीन महिन्यांत तयार करण्याचे निर्देश दिले. उलट पद्धतीचे उदाहरण चिली देशाचे आहे. तेथे जून २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा उष्मांक मर्यादेबाहेर असलेल्या पदार्थावर काळा अष्टकोन छापावा लागतो व त्यात 'आल्तो एन' म्हणजे 'अमुक जास्त' असे शब्द असतात. अष्टकोन हा रस्त्यावरील थांबण्याच्या पाटीचा आकार, आणि स्पॅनिशमध्ये 'आल्तो' शब्दाचे 'उंच' व 'थांबा' असे दोन्ही अर्थ. त्यानंतरच्या दीड वर्षातील खरेदीचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा गोड पेयांची खरेदी अपेक्षेच्या मानाने सुमारे २४ टक्क्यांनी घटलेली आढळली. त्याच कायद्याने जाहिरातींवर व शाळांतील विक्रीवरही बंधने घातली असल्यामुळे सगळे श्रेय अष्टकोनास देता येणार नाही. तथापि त्याचा वाटा नाकारण्याचेही कारण नाही.

६. आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, प्रौढ माणसाने काय खावे हे शासनाने ठरवू नये. तो मान्य करूनही असे म्हणता येते की, निवडीचे स्वातंत्र्य हे कळण्यावर अवलंबून असते. कळू न देता घडवून आणलेल्या निवडीस स्वातंत्र्य म्हणणे हा शब्दाचाच गैरवापर होय.

दुसरा आक्षेप लहान उत्पादकांचा आहे व तो अधिक गंभीर आहे. नाचणीचे पापड किंवा चिकूच्या फोडी वाळवून विकणाऱ्या महिला बचत गटास प्रयोगशाळेतील पृथक्करण आणि नवी छपाई ह्यांचा खर्च जड जातो. मोठ्या कारखान्यास तो जाणवतही नाही. सरसकट नियमाने मोठ्यांचे फावेल आणि लहानांचे बुडेल. म्हणून इशाऱ्याची सक्ती प्रथम मोठ्या उत्पादकांस लागू व्हावी, आणि गटांस पृथक्करणाची सोय शासनाने पुरवावी, हे न्यायाचे होईल.

तिसरा आक्षेप जागेचा. माल अनेक राज्यांत जातो, तेव्हा इवल्याशा पुड्यावर किती भाषा छापाव्यात? ह्याचे उत्तर प्रत्येकाच्या खिशात आहे. आपल्या चलनी नोटेच्या मागील बाजूस एका लहानशा पट्टीत १५ भाषा सुखाने नांदतात.

७. कोणते शब्द वापरावेत

ह्या प्रश्नात भाषाशास्त्राचा अभ्यासक सांगू शकेल अशा दोन गोष्टी आहेत. पहिली तत्त्वाची. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याच्या ९ व्या कलमात असे सांगितले आहे की, पाकिटावर जी भाषा वापरली असेल त्याच भाषेत इशाराही असला पाहिजे. भुलविणाऱ्या शब्दास जी भाषा, सावध करणाऱ्या शब्दास तीच, हे तत्त्व खाद्यपदार्थांस लावता येईल, आणि ते भाषेपुरतेच न ठेवता अक्षराच्या आकारास व बाजूसही लावावे. दावा दर्शनी बाजूस असेल तर मर्यादाही दर्शनी बाजूस असावी. आंब्याचे चित्र असेल तर आंब्याचा टक्का त्याच्या शेजारी असावा. केवळ इंग्रजी मजकूर ठेवून ह्या नियमातून निसटता येऊ नये म्हणून इशाऱ्याचे दोन-तीन शब्द जेथे माल विकला जातो त्या राज्याच्या भाषेत असणे सक्तीचे करावे.

दुसरी गोष्ट शब्दनिवडीची. मराठीकरण म्हणजे संस्कृतीकरण अशी समजूत झाली तर सारा खटाटोप फुकट जाईल. 'संपृक्त मेदाचे प्रमाण अधिक' हे वाक्य शुद्ध आहे, परंतु विक्रमगडच्या टपरीवर त्याचा उपयोग इंग्रजीहून फारसा जास्त नाही. 'साखर जास्त', 'मीठ जास्त', 'चरबी जास्त' हे शब्द लहान आहेत, बोलीतील आहेत, आणि दुसरी-तिसरीपर्यंत शिकलेल्यासही वाचता येतील. 'जास्त' हा शब्द हिंदी भाषिक कामगारासही परका वाटणार नाही. वाचता न येणाऱ्यासाठी शब्दाभोवती ठळक आकृती असावी, म्हणजे हिरव्या ठिपक्याप्रमाणे तीही सवयीने अंगवळणी पडेल.

८. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा : वेष्टनाचा प्रभाव मुख्यतः खोट्या विधानांतून पडत नाही; तो क्रियापद गाळलेल्या पदांतून, सूचित अर्थांतून आणि चित्रांतून पडतो. म्हणून खोटी विधाने पकडणारे नियमन आवश्यक असले तरी अपुरे आहे. सुंदर वेष्टनास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. मागणी एवढीच की, पाकिटाचे दोन आवाज एका भाषेत व एका पट्टीत बोलावेत. वाण्याला उलट प्रश्न विचारण्याचा ग्राहकाचा जुना हक्क वेष्टनाने काढून घेतला आहे. तेव्हा जो प्रश्न बोईसरचा कामगार किंवा मोखाड्याची आई आता विचारू शकत नाही, त्याचे उत्तर वेष्टनाने न विचारताच दिले पाहिजे.